पैसे पाठवण्याआधी खातरजमा, पण वेगळ्या वाटेने

जळगावच्या दाल मिलचा मालक आज परराज्यातल्या दलालाशी व्हॉट्सअ‍ॅपवर भाव ठरवतो, आरटीजीएसने पैसे पाठवतो आणि ई-वे बिल काढून ट्रक रवाना करतो. रावेरचा केळी व्यापारी, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला कारखानदार, सराफ बाजारातली पेढी यांचेही तसेच. चोपड्यांच्या काळात चोराला दुकानापर्यंत यावे लागे. आता तशी गरज उरलेली नाही.

‘आपण लहान माणसे, आपल्याकडे कोण येणार?’ असे अनेकांना वाटते. पण जून २०२० मध्ये धुळ्यातल्याच एका सहकारी बँकेचे दुसऱ्या बँकेतले चालू खाते हॅक झाले आणि सुमारे दोन कोटी रुपये परस्पर इतर खात्यांत वळवले गेले. चोर गावाचा आकार पाहत नाही, कुलूप कुठे ढिले आहे ते पाहतो.

हे कुलूप कसे उघडते, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणातून कळते. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत या बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढली गेली आणि सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एरवी एटीएममध्ये कार्ड टाकले, की ‘या खात्यात पैसे आहेत का?’ हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो. चोरांनी घातक सॉफ्टवेअर घुसवून एक खोटा स्विच उभा केला. तो प्रत्येक प्रश्नाला ‘हो, द्या’ असेच उत्तर देत राहिला. खऱ्या संगणकापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही.

दुकानदाराची फसवणूकही नेमकी अशीच होते. नेहमीच्या पुरवठादाराच्या ई-मेलवरून निरोप येतो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे या खात्यात भरा.’ पत्ता ओळखीचा, बिलाचा नमुना तोच, रक्कमही बरोबर. आपण त्याच ई-मेलला उत्तर देऊन विचारतो, ‘खाते नक्की बदलले ना?’ उत्तर येते, ‘हो.’ पण मेलबॉक्सच चोराच्या ताब्यात असेल, तर हे ‘हो’ त्याचेच असते. म्हणून पहिला नियम असा, की प्रश्न ज्या वाटेने आला, त्या वाटेने खातरजमा करू नये. आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. निरोपात दिलेला क्रमांक वापरू नये. फोनवर आवाज ओळखीचा वाटला तरी खाते क्रमांक दुसऱ्या वाटेने पडताळावा, कारण आवाजाची नक्कल आता संगणक करतो.

दुसरा नियम दोन माणसांचा. ठरावीक रकमेच्या वरचे पेमेंट एकाने भरावे आणि दुसऱ्याने मंजूर करावे. बँकांच्या व्यावसायिक नेटबँकिंगमध्ये ही सोय असते, ती मागून घ्यावी. मुनीमजींवर अविश्वास दाखवण्याचा हा प्रकार नाही, उलट त्यात त्यांचेही संरक्षण आहे.

तिसरा धोका खंडणीचा. रॅन्समवेअर नावाचे सॉफ्टवेअर हिशेबाच्या सगळ्या फाइल कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार तात्पुरते थांबवावे लागले. हल्ला दुसऱ्यावर झाला आणि अडचण या बँकांच्या खातेदारांना सोसावी लागली. आपल्या पेढीतही हिशेबाचे सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस दुरून संगणक चालवत असेल, तर काम संपल्यावर ती जोडणी बंद झाली की नाही, हे पाहावे. हिशेबाची प्रत रोज वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि डिस्क काढून ठेवावी. संगणकाला कायम जोडलेली डिस्कही त्याच कुलपात अडकते. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

बाकी गोष्टी रोजच्या स्वच्छतेसारख्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर दंडाची पावती किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली ‘एपीके’ फाइल उघडू नये, ती मोबाइलवरचे ओटीपी चोरू शकते. ई-मेल आणि बँकेचा पासवर्ड वेगळा असावा. ई-मेलला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणीही लावावी. संगणकाचे अपडेट टाळू नयेत.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकत जाते. ती वाटेत गोठवता आली, तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणून लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवावे, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा आणि नंतर सायबर पोलिसांत तक्रार द्यावी. हा क्रमांक गल्ल्याजवळच्या भिंतीवर आजच लिहून ठेवा.