कार्यकारणभावाची मांडणी : वारंवार उतरणाऱ्या बॅटरीचे निदान

बिघाडाचे निदान लिहिताना लक्षण आणि कारण यांची गल्लत होऊ न देणे, हे स्पष्टीकरणात्मक लेखनाचे पहिले पथ्य होय. एक परिचित उदाहरण घेऊ. मोटार दोन-तीन दिवस उभी राहिली की सुरू होत नाही. बॅटरी उतरलेली असते. पुष्कळदा अशा वेळी थेट नवी बॅटरी बसवली जाते. परंतु बॅटरी उतरणे हे लक्षण आहे. मूळ कारण तसेच राहिले, तर नवी बॅटरीही उतरते आणि काही हजार रुपयांचा खर्च व्यर्थ जातो.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी अशी कल्पना करा. टाकी वारंवार रिकामी आढळत असेल, तर टाकीच निकामी असेल, भरणारा नळ बारीक असेल किंवा कोठेतरी गळती असेल. या तीन शक्यता क्रमाने तपासाव्यात.

प्रथम बॅटरी पाहा. टर्मिनलवरील पांढरट-हिरवट थर आणि सैल जोड दूर करा. पूर्ण भारित बॅटरी काही तास विसावल्यावर मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपासचे मापन ती बरीच रिकामी झाल्याचे सांगते. पूर्ण भारित करूनही इंजिन फिरवताना दाब फार खाली कोसळत असेल, तर बॅटरीची क्षमता संपत आली आहे. वारंवार पूर्ण उतरल्याने तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात. म्हणजे जे परिणाम म्हणून घडले, तेच पुढे कारण बनते.

नंतर इंजिन सुरू करून मापन घ्या. ते साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असावे. ते वाढतच नसेल, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा जोडणी सदोष आहे. अल्टरनेटर उत्तम असूनही रोजचा प्रवास अगदी थोडा असेल, तर टाकी भरण्यास वेळच मिळत नाही.

शेवटी गळती शोधा. किल्ली काढून ऋण टर्मिनलची तार सोडवा आणि मध्ये अँपिअरमापक जोडा. गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा शांत होण्यासाठी अर्धा तास थांबा. प्रवाह सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल, तर काळजी नको. तो ५०० असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होतात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते आणि गाडी त्याआधीच अडते. आता एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजने प्रवाह घटेल, त्याच्या मार्गावर दोष आहे. डिकीतला न विझणारा दिवा किंवा नंतर बसवलेली संगीतयंत्रणा असे काही तेथे सापडते.

दोन सूचना अनिवार्य आहेत : मापक जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये, बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ ठिणगी होऊ देऊ नये.

या मांडणीत प्रत्येक चाचणी एक शक्यता सिद्ध करते किंवा वगळते, हे लक्षात घ्या. अनुमानाला मापनाचा आधार मिळाला, तरच वाचक त्यावर विसंबून कृती करू शकतो.

स्वाध्याय : आपल्या घरातील वा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या वारंवार उद्भवणाऱ्या बिघाडाचे निदान याच क्रमाने १५० शब्दांत लिहा.