पॅरालीगल शिकताय? फोनवर कायदा सापडतो, पण तो अजून ‘चालू’ आहे का हे कसं तपासायचं?

वकिलाच्या ऑफिसमध्ये, कंपनीच्या लीगल विभागात किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्रात कागदपत्रं तयार करणारा, कायदे आणि निकाल शोधून देणारा माणूस म्हणजे पॅरालीगल. कोर्टात उभं राहून बाजू मांडणं हे वकिलाचं काम. ‘अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१’नुसार तो अधिकार वकिलांनाच आहे. पण वकील जे मुद्दे मांडतो त्यामागचा शोध बऱ्याचदा पॅरालीगलने केलेला असतो. आपल्याकडे याचे डिप्लोमा कोर्स आहेत. शिवाय राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये सुरू केलेल्या योजनेतून विधी स्वयंसेवकही तयार केले जातात.

पूर्वी हे शिकायला लॉ लायब्ररीत बसून जाडजूड रिपोर्टर चाळावे लागायचे. आता जवळपास सगळं फोनवर आहे, तेही फुकट. त्यामुळे कायदा ‘सापडणं’ ही अडचण राहिलेली नाही. सापडलेला कायदा आज लागू आहे का, हे ओळखणं हेच खरं कौशल्य. हा लेख त्याबद्दलच आहे.

एक कलम, जे रद्द होऊनही वापरात राहिलं

माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ‘६६ अ’ हे कलम तुम्ही ऐकलं असेल. आक्षेपार्ह वाटणारा मेसेज किंवा पोस्ट टाकल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली आणि पालघरमध्ये दोघींना अटक झाली. त्यानंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ या निकालात ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं गेलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संपली नाही. हे कलम लावून पुढेही गुन्हे नोंदवले जात असल्याचं २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलं. त्यावर अ‍ॅटर्नी जनरलनी दिलेलं कारण प्रत्येक पॅरालीगल विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं असं आहे. कायद्याच्या पुस्तकात कलमाचा मजकूर तसाच छापलेला असतो आणि ते रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत असते. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये.

म्हणजे तळटीप न वाचल्याची किंमत कोणीतरी पोलिस स्टेशनच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या मारून मोजली.

आम्ही कोडिंगवाले जुन्या फंक्शनवर ‘डेप्रिकेटेड’ असा शिक्का मारतो. बरेच एडिटर त्यावर आडवी रेघ मारून दाखवतात. कायद्यात अशी रेघ दिसेलच असं नाही. ती तुम्हालाच शोधावी लागते.

कुठे शोधायचं?

इंडिया कोड: केंद्र आणि राज्यांच्या कायद्यांची सरकारी साइट. कायद्याचा मूळ मजकूर इथूनच घ्या. गाइड, ब्लॉग किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ ही फक्त दिशा दाखवायला.

ई-एससीआर: सुप्रीम कोर्टाच्या अधिकृत रिपोर्टची डिजिटल आवृत्ती. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ३४ हजार निकालांसह सर्वांसाठी मोफत सुरू झाली. सुप्रीम कोर्टाच्या काही निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. समजून घ्यायला ते छान आहेत, पण अधिकृत मजकूर इंग्रजीच मानला जातो. लिहिताना परिच्छेद क्रमांक इंग्रजी प्रतीवरून पडताळा.

इंडियन कानून: सुशांत सिन्हा या कॉम्प्युटर इंजिनिअरने २००८ मध्ये सुरू केलेलं सर्च इंजिन. सगळ्यात पटकन इथेच सापडतं.

ई-कोर्ट्स अ‍ॅप: चालू खटल्याची पुढची तारीख आणि आदेश बघायला. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो टाकला की थेट तीच केस उघडते.

सर्च करताना कोर्टाची भाषा वापरा

गूगलला आपण बोलतो तसं विचारलं तरी चालतं. निकालांमध्ये मात्र कायद्याची भाषा असते. ‘चेक बाउन्स’ शोधण्याऐवजी ‘डिसऑनर ऑफ चेक’ आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८ असं इंग्रजीत शोधा, निकाल जास्त नेमके येतील. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरण चिन्हांत टाका. इंडियन कानूनवर अँड, ऑर, नॉट हे शब्द कॅपिटलमध्ये आणि शेवटचं अक्षर दोनदा लिहून वापरायचे असतात. साधा ‘अँड’ लिहिला तर त्याला ती सूचना आहे हे कळत नाही.

सायटेशन वाचायला शिका

‘(२०१५) ५ एससीसी १’ हे श्रेया सिंघल निकालाचं सायटेशन. वर्ष २०१५, खंड ५, रिपोर्टरचं नाव एससीसी, पान १. हाच निकाल ‘एआयआर २०१५ एससी १५२३’ असाही सापडेल. एकाच निकालाचे असे अनेक पत्ते असल्यामुळे गोंधळ व्हायचा, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये न्यूट्रल सायटेशन आणलं. ‘२०२३ आयएनएससी’ आणि पुढे क्रमांक, असं त्याचं रूप असतं. मुंबई हायकोर्टाच्या निकालांवर ‘बीएचसी’ अशी खूण दिसते.

निकाल चालू आहे का? चार प्रश्न

१. कायदा बदललाय का? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं प्रसिद्ध ‘४२०’ आता कलम ३१८(४) मध्ये आहे. पण घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर गुन्हा जुन्या संहितेनुसारच बघितला जातो. म्हणून शोध सुरू करण्याआधी घटनेची तारीख लिहून घ्या. जुन्या ४२० वरचे निकाल एका दिवसात निरुपयोगी झाले असंही नाही. दोन्ही कलमांचा मजकूर शेजारी ठेवा आणि काय बदललं ते बघा.

२. निकाल कोणत्या कोर्टाचा आणि किती न्यायमूर्तींचा? मोठ्या पीठाचा निकाल छोट्या पीठाला बदलता येत नाही. प्रायव्हसीच्या प्रश्नावर १९५४ चा ८ न्यायमूर्तींचा निकाल आडवा येत होता, म्हणून २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरण ९ न्यायमूर्तींपुढे गेलं.

३. नंतरच्या निकालांनी याला काय केलं? इंडियन कानूनवर ‘साइटेड बाय’ची यादी असते. नुसता आकडा बघून खूश होऊ नका. एखादा निकाल शंभर ठिकाणी उल्लेखलेला असेल, पण त्यातला शेवटचा उल्लेख ‘हा निकाल चुकीचा होता’ असाही असू शकतो. यादी नव्यापासून जुन्याकडे बघा.

४. तुम्ही उचललेलं वाक्य नक्की कोर्टाचंच आहे ना? निकालात वकिलांचे युक्तिवादही सविस्तर दिलेले असतात आणि कधी अल्पमतातल्या न्यायमूर्तीचं मतही असतं. सर्चमध्ये पिवळं झालेलं वाक्य त्यातलंही असू शकतं. आधीचे आणि नंतरचे चार-पाच परिच्छेद वाचल्याशिवाय कॉपी करू नका.

लिहायचं कसं?

नवशिक्यांसाठी चार भागांचा साचा सोपा पडतो: प्रश्न, नियम, लागू करणं, निष्कर्ष. समजा, नाशिकच्या विद्यार्थ्याने बेंगळुरूच्या कंपनीकडून २२ हजारांचा फोन ऑनलाइन घेतला. दोन महिन्यांत तो बंद पडला आणि कंपनी दाद देत नाही. टिपण असं होईल:

प्रश्न: तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल का?

नियम: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ३४(२)(ड). तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कलम ६९ नुसार मुदत २ वर्षे.

लागू करणं: तक्रारदार नाशिकला राहतो, पुरावा म्हणून आधार आणि भाडेकरार. रक्कम जिल्हा आयोगाच्या ५० लाखांच्या मर्यादेत. फोन बंद पडल्याची तारीख सर्व्हिस सेंटरच्या पावतीवर आहे.

निष्कर्ष: करता येईल. पावतीच्या तारखेपासून मुदत मोजावी.

आता गंमत बघा. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात तक्रारदाराच्या राहण्याच्या ठिकाणाचा हा आधारच नव्हता. कंपनी कुठे आहे आणि तक्रारीचं कारण कुठे घडलं, यावर सगळं ठरायचं. नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. कोणी २०१५ चा निकाल शोधून त्याच्या जोरावर ‘बेंगळुरूलाच जावं लागेल’ असं लिहिलं, तर निकाल खरा असूनही उत्तर चुकेल. आणि २२ हजारांसाठी कोण बेंगळुरूला जाणार? तो विद्यार्थी तक्रारच सोडून देईल.

एआयला विचारलं तर?

विचारा, पण त्याने दिलेला एकही निकाल स्वतः उघडून बघितल्याशिवाय वापरू नका. चॅटबॉट पुढचा शब्द काय असावा याचा अंदाज बांधत लिहितो. सायटेशनचा साचा त्याला चांगला माहीत असतो, त्यामुळे अस्तित्वातच नसलेला निकालही तो हुबेहूब खऱ्यासारखा लिहितो. न्यूयॉर्कमधल्या ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ खटल्यात हेच झालं. वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात सादर केले आणि जून २०२३ मध्ये ५ हजार डॉलर दंड झाला. ‘हा निकाल खरा आहे का?’ असं त्याच चॅटबॉटला पुन्हा विचारणं म्हणजे तपासणी नाही.

एआयचा चांगला उपयोग वेगळा आहे: अवघड परिच्छेद सोपा करून घेणं, सर्चसाठी इंग्रजी शब्द सुचवून घेणं, स्वतःच्या टिपणातली लांबलचक वाक्यं छोटी करणं. मात्र पक्षकाराचं नाव, आधार क्रमांक, एफआयआरची प्रत असलं काही त्यात अपलोड करू नका. ती माहिती तुमची नाही.

टिपण पाठवण्याआधी

- कलमाचा मजकूर इंडिया कोडवर तळटीपेसकट वाचला का?
- घटनेची तारीख आणि कायदा लागू झाल्याची तारीख जुळते का?
- प्रत्येक निकाल स्वतः उघडला का? परिच्छेद क्रमांक दिला का?
- तुमच्या बाजूच्या विरोधात जाणारा निकाल सापडला असेल तर तोही लिहिला का? तो लपवला तर समोरचा वकील दाखवेलच.
- शोध कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे टिपणाच्या शेवटी लिहिलं का?

शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण कायदा हा सतत अपडेट होणारा मजकूर आहे. तुमचं टिपण सहा महिन्यांनी कोणी उघडलं तर कुठून पुढे तपासायचं हे त्याला त्या तारखेवरून कळेल.

तुम्ही हा कोर्स करत नसाल, पण घरात कोणाला कायदेशीर मदत हवी असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० सेव्ह करून ठेवा.