भावकीत कुणाची व्हॅलिडिटी झालीय का?

ऊसतोडीचा हंगाम उरकून आईबाप मार्च-एप्रिलच्या सुमाराला गावी परततात आणि पावसाळ्यात मुकादमाकडे पुढच्या हंगामाच्या आगाऊ रकमेची, म्हणजे उचलीची बोलणी सुरू होतात. दहावी-बारावीचे निकाल या मधल्या काळातच लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांत असंख्य मुलांचं पुढचं शिक्षण या दोन-तीन महिन्यांत ठरतं. कारण सही करायला, तहसीलला हेलपाटा घालायला आणि मुलीला बाहेरगावी ठेवायचं की नाही हे ठरवायला घरात मोठं माणूस हंगाम नसतानाच असतं.

आम्ही काही शिक्षक आणि इथल्याच शाळांमधून शिकून गेलेली मुलं निकालानंतर शाळेतल्या एका वर्गात बसतो. दोन बाकं जोडलेली, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि शेजारी शाळेचे क्लार्क. करिअर मार्गदर्शन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, हार आणि व्याख्यान येतं. इथे निम्मा दिवस कागद जुळवण्यात जातो.

दाखल्यावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर दोन हंगामांपूर्वी कर्नाटकातल्या कारखान्यावर असताना बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी कुठे जातो ते कुणालाच ठाऊक नाही. बँकेचं खातं आहे, पण आधारशी जोडलेलं नाही, म्हणजे महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी अडकणार. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल हवा. नॉन-क्रिमीलेअर असतं, पण त्याची मुदत संपलेली असते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागतं. यातलं काहीच अवघड नाही. पण प्रत्येक गोष्टीला चार-सहा दिवस लागतात, आणि फॉर्मची शेवटची तारीख थांबत नाही.

सगळ्यात जड काम जात वैधतेचं, म्हणजे व्हॅलिडिटीचं. इथली बरीच मुलं भटक्या जमाती किंवा इतर मागास प्रवर्गातली. भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, तर ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा वडिलांकडच्या रक्तनात्यातून दाखवावा लागतो. ज्यांचे आजोबा-पणजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा कुठून आणायचा? मग चुलत आजोबा शोधायचे, दुसऱ्या गावी गेलेली भावकी शोधायची, जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहायच्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या महसुली नोंदी कित्येकदा उर्दूत असतात. त्या वाचणारा आणि भाषांतर करून देणारा माणूस गाठावा लागतो. म्हणून कुणीही नवं कुटुंब समोर येऊन बसलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: "भावकीत कुणाची व्हॅलिडिटी झालीय का?" एकाची झालेली असली की त्या कागदाच्या आधाराने बाकीच्यांची वाट सोपी होते. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत प्रस्ताव जात पडताळणी समितीकडे गेला पाहिजे. बारावीनंतर धावाधाव करणाऱ्या मुलाला राखीव जागा हातात येऊनही सोडावी लागू शकते.

कागद लागले की मग मुलाशी बोलायचं. काय व्हायचंय असं विचारलं तर उत्तरं ठरलेली येतात: पोलीस, आर्मी, डॉक्टर, कलेक्टर. मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली किंवा मोबाइलवर दिसलेली माणसं एवढीच आहेत, त्यात त्यांचा दोष नाही. मी वेगळं विचारते. कुठला विषय कुणी न सांगता उघडतोस? घरी धाकटी भावंडं कुणाकडे असतात? गावाला शेवटची एसटी किती वाजता? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर मुलींचं कॉलेज ठरतं. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण कॉलेज सुटल्यावर गावाकडे गाडीच नसेल तर पास घेऊन करायचं काय?

2025-26 पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर सुरू झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरती होती. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजं भरता येतात आणि मुलं मित्र-मैत्रिणींचं बघून भरतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात, हे त्यांना माहीत नसतं. एका मुलीने पहिल्या क्रमांकावर जिल्ह्याच्या गावातलं नावाजलेलं कॉलेज टाकलं होतं. तिच्या आईने एकच विचारलं, "राहायचं कुठं तिनं?" आम्ही फॉर्म थांबवला, वसतिगृहाची चौकशी केली आणि मग क्रम लावला. पसंतीक्रम लावताना आईला शेजारी बसवावं असं तेव्हापासून माझं ठाम मत आहे.

विज्ञान घेतलं की गणिताचा प्रश्न येतो. गणिताची भीती म्हणून जीवशास्त्राचा ग्रुप घेणाऱ्याला इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, आणि जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीय आणि बीएस्सी नर्सिंग हातचं जातं. बीएस्सी कृषी दोन्ही ग्रुपना खुलं आहे. हे फळ्यावर लिहून दाखवलं की मुलं वहीत उतरवून घेतात. सोळाव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाबद्दल त्यांच्याशी आधी कुणी बोललेलंच नसतं.

लातूरच्या प्रवेश परीक्षांच्या क्लासचा विषय निघाला की मी सावध होते. एका वडिलांनी सांगितलं, "थोरल्याचं लगीन करू, एक कोयता वाढंल, उचल जास्त मिळंल, त्यात क्लासची फी भागंल." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एका मुलाच्या शिकवणीसाठी दुसऱ्या मुलाला आणि कुठल्या तरी अल्पवयीन सुनेला फडात उतरवण्याचा तो हिशोब होता. धाकट्याला मोटारी आणि पंप दुरुस्त करायची आवड होती. गावातल्या विहिरींवर लोक त्यालाच बोलवत. दहावीच्या गुणांवर, कुठलीही प्रवेश परीक्षा न देता, तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करता येतो आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आयटीआयचंही तसंच. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा दोन वर्षांचा कोर्स करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नापास मुलांची जागा म्हणून आयटीआयकडे बघणाऱ्यांनी इलेक्ट्रिशियनच्या वर्गात जाऊन एकदा काम पाहावं.

मुलींच्या बाबतीत घाई जास्त असते. पोरगी गावात आजीजवळ एकटी कशी ठेवायची, या भीतीपायी दिवाळीआधी लग्न उरकलं जातं. त्या भीतीला भाषणाने उत्तर मिळत नाही. वसतिगृहातल्या खाटेने मिळतं. म्हणून मुलीसाठी मी कॉलेजच्या बरोबरीनेच वसतिगृहाचं बघते: समाजकल्याणची, शासकीय, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा शासन निर्णय जुलै 2024 मध्ये निघाला. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतूनच हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. हे ऐकल्यावर वडील कागदावर बोट ठेवून पुन्हा वाचायला लावतात. फीचा आकडा कळला की बोलणं लग्नावरून शिक्षणावर येतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

हे सगळं निकालानंतर करणं म्हणजे उशीरच. नववीच्या वर्गशिक्षकांनी दिवाळीपूर्वी, आईबाप कारखान्यावर जायच्या आत, प्रत्येक मुलाचं नाव, आधार, बँक खातं आणि जातीचा दाखला एकदा तपासावा. आणि गावातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: मे-जूनमध्ये आठ दिवस आपल्या जुन्या शाळेत येऊन बसा, आणि तुमची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत भावकीतल्या मुलांना आजच पाठवा.