डोमेन परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तर? पहिल्या दोन दिवसांत काय करायचं



दुकानाचं शटर कोणी तोडलं तर सकाळी गेल्या गेल्या कळतं. डोमेनचं तसं नाही. ते दुसऱ्याच्या ताब्यात जातं आणि तुमची वेबसाइट मात्र पहिल्यासारखीच चालू राहते. व्हिडिओत हा भाग घाईत झाला होता, म्हणून इथे नीट लिहितोय.

पर्ल डॉट कॉमचं उदाहरण घ्या. पर्ल नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेची ही जुनी वेबसाइट, चालवणारे सगळे कॉम्प्युटरमध्ये मुरलेले लोक. जानेवारी 2021 च्या शेवटी त्यांच्या लक्षात आलं की डोमेन आपल्याकडे नाही. मागचा माग काढला तेव्हा दिसलं की चोरी सप्टेंबर 2020 मध्येच झाली होती. खोटी कागदपत्रं दाखवून रजिस्ट्रारला, म्हणजे जिथून डोमेन घेतलेलं असतं त्या कंपनीला, फसवलं असावं असा त्यांचा अंदाज. चोराने घाई केली नाही. डिसेंबरमध्ये डोमेन चीनमधल्या एका रजिस्ट्रारकडे हलवलं, पण नेमसर्व्हर बदलले नाहीत, त्यामुळे साइट चालूच. जानेवारीत ते तिसऱ्या रजिस्ट्रारकडे नेलं आणि मग थेट बाजारात विक्रीला ठेवलं, किंमत 1,90,000 डॉलर!

दर वेळी कंपनी बदलली, देश बदलला. चोर हे मुद्दाम करतो, कारण प्रत्येक उडीनंतर परत आणणं अवघड होतं. तरीही डोमेन साधारण आठवड्याभरात मूळ मालकाकडे आलं, कारण जुना आणि नवा रजिस्ट्रार आपसात बोलले.

याच्या उलट केस गॅरी क्रेमेन यांची. 1995 मध्ये त्यांचं एक महागडं डोमेन चोराने बनावट पत्र पाठवून आपल्या नावावर करून घेतलं. क्रेमेन कोर्टात गेले. डोमेन परत मिळायला 2000 साल उजाडलं. पुढच्या वर्षी कोर्टाने साडेसहा कोटी डॉलरची भरपाई ठरवली, तर चोर देश सोडून पळाला. 2003 मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने डोमेन ही मालमत्ता आहे असं मान्य केलं, ही त्यातली चांगली गोष्ट. पण आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्याला पाच वर्षं कोर्ट परवडणार का? म्हणून सगळा जोर रजिस्ट्रारला हलवण्यावर लावायचा, आणि तोही लगेच.

पहिलं काम, रेकॉर्ड बघा. लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग वर डोमेन टाका. रजिस्ट्रार कोण, शेवटचा बदल कधी, नेमसर्व्हर कुठले, हे दिसेल. स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असा. रजिस्ट्रार अजून तोच असेल तर तुमचं फक्त अकाउंट गेलंय. हे बरं, कारण निर्णय एकाच कंपनीच्या हातात आहे. फोन करून सांगा, "डोमेन आत्ताच्या आत्ता लॉक करा." रजिस्ट्रार बदललेला दिसला तरी तक्रार जुन्या रजिस्ट्रारकडेच करायची. बरेच जण इथे चुकतात आणि नव्या कंपनीशी भांडत बसतात. त्यांच्या दृष्टीने त्यांचा ग्राहक चोर आहे, तुम्ही नाही.

डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅनचे नियम आहेत. रजिस्ट्रार कंपन्यांसाठी एक आपत्कालीन संपर्क असतो. जुन्या रजिस्ट्रारने त्यावर विचारणा केली की नव्याला चार तासांत प्रतिसाद द्यावा लागतो. हा संपर्क तुम्ही-आम्ही वापरू शकत नाही, पण मेलमध्ये "ट्रान्सफर इमर्जन्सी ॲक्शन काँटॅक्टमार्फत विचारणा करा" असं लिहिलंत की सपोर्टवाला तुमचा मेल वरच्या माणसाकडे पाठवायची शक्यता वाढते. उशीर केलात तर हा मार्ग हातातून जातो. त्यानंतर ट्रान्सफर वादाची औपचारिक प्रक्रिया उरते. तीही रजिस्ट्रारनेच सुरू करायची असते, मुदत 12 महिने. आयकॅनकडे तुम्ही स्वतः तक्रार करू शकता, पण आयकॅन डोमेन उचलून तुमच्या हातात देत नाही. रजिस्ट्रारने नियम पाळले का, एवढंच ते तपासतं. डॉट इन डोमेनला हे नियम लागू नाहीत, तिथे निक्सी ही संस्था बघते.

तक्रारीसोबत पुरावा हवा. डोमेन घेतल्याचं बिल, रिन्युअलचे जुने मेल, ज्या कार्डावरून पैसे गेले त्याचं स्टेटमेंट, गुमास्ता, उद्यम, जीएसटीचे कागद. वेबॅक मशीन या साइटवर तुमच्या वेबसाइटची जुनी पानं सापडली तर तीही जोडा. सोबत सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार करून तिचा नंबर त्याच मेलमध्ये टाका. पोलीस उद्या डोमेन आणून देतील म्हणून नाही, तर तुम्ही गंभीर आहात हे कंपनीला दिसावं म्हणून.

आणि हे सगळं करताना मेलकडे दुर्लक्ष करू नका. डोमेन ज्याच्या ताब्यात, त्या डोमेनवरचे मेलही तो आपल्याकडे वळवू शकतो. बँक, जीएसटी, गुगल बिझनेस प्रोफाइल जर त्याच मेलवर असतील तर पासवर्ड बदलण्याच्या लिंक त्याच्याकडे जातील. ग्राहकाला तुमच्या नावाने "आमचा अकाउंट नंबर बदललाय" असा मेल गेला तर नुकसान डोमेनच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं. त्यामुळे आधी या सगळ्या ठिकाणी साधा जीमेल लावा आणि नेहमीच्या ग्राहकांना, सप्लायर्सना व्हॉट्सॲपवर कळवा. लाज वाटून घेऊ नका.

चोराकडून पैसे मागणारा मेसेज आला तर? माझं मत, पहिल्या आठवड्यात अजिबात देऊ नका. पैसे दिल्यावर डोमेन मिळेलच याची खात्री नाही, आणि तुम्ही ते विकत घेताय म्हटल्यावर चोरीची केसही ढिली पडते. रजिस्ट्रारने हात वर केले तर यूडीआरपी नावाची लवाद प्रक्रिया आहे. नाव तुमच्या ब्रँडचं आहे आणि समोरच्याने वाईट हेतूने घेतलंय हे दाखवावं लागतं. डब्ल्यूआयपीओकडे एका पंचाची फी 1,500 डॉलर, वकील वेगळा.

आपल्याकडे मात्र खूपदा समोरचा हॅकर नसतोच. वेबसाइट बनवणाऱ्या पोराने डोमेन स्वतःच्या अकाउंटवर, स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. पैशावरून वाजलं की तो ते भलतीकडे हलवतो. इथे रजिस्ट्रार म्हणेल, "आमच्या रेकॉर्डवर मालक तोच, मग चोरी कुठली?" तरी सगळं संपलेलं नसतं. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये सांगितलंय की डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. म्हणजे त्या नावाने धंदा तुम्ही केलाय हे बिलांवरून, जाहिरातींवरून दाखवता आलं तर वकिलाच्या नोटिशीला वजन येतं.

भांडण व्हायच्या आधी, संबंध गोड असतानाच हे सोडवलेलं बरं. आज लुकअप करून बघा. नाव प्रायव्हसीमुळे झाकलेलं असेल तर लॉगिन कोणाकडे आहे ते विचारा. तुमच्याकडे नसेल तर त्याला सरळ मेसेज टाका: "दादा, डोमेन आमच्या फर्मच्या नावावर आणि माझ्या अकाउंटला करून घ्यायचंय. ट्रान्सफर कोड कधी देतोस? तुझा जो काही चार्ज होईल तो सांग, लगेच पाठवतो." चार्ज विचारायला विसरू नका, त्याने काम पटकन होतं.