टेम्पो मॅप आणि कॉर्ड्स: दोन फाइली पाठवाव्यात

गायनवृंदाच्या गीताची संगणकावरील संगीतरचना एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना लय बिघडते वा कॉर्ड्स नाहीशा होतात. त्याचे कारण आम्ही येथे देत आहोत.

१९८८ पासून प्रचलित असलेल्या मिडी फाइलमध्ये टेम्पो मॅप, म्हणजे लयीतील चढउतारांची नोंद, सुरक्षित राहते. परंतु कॉर्डच्या नावाला तेथे प्रमाणित स्थान नाही, केवळ सुटे स्वर उरतात. २००४ साली आलेल्या म्युझिकएक्सएमएल फाइलमध्ये कॉर्डची नावे स्वरलिपीसह टिकतात. म्युझस्कोर हे विनामूल्य सॉफ्टवेअर दोन्ही फाइली तयार करते.

ध्वनिमुद्रणासाठी दोन्ही पाठवाव्यात व मिडी उघडताना टेम्पो मॅपही स्वीकारावा. अन्यथा गीताचा संथ होत जाणारा शेवट गायक एका लयीत आणि साथसंगत दुसऱ्या लयीत गाठील.