काळोखातले फोटो

मुलांनो, पुढे वाचण्याआधी एक गंमत करा. घरातला कॅमेरा नाहीतर आईचा मोबाइल मागून घ्या. डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधा. आता आजीला हाक मारा. "काय रे?" असा आवाज जिकडून येईल, तिकडे कॅमेरा धरा आणि बटण दाबा.

झालं? फोटो कसा आलाय ते इतक्यात पाहू नका हं! आधी एका माणसाची गोष्ट ऐका. त्यांनी अशाच पद्धतीने, अजिबात न पाहता, शेकडो फोटो काढले.

त्यांचं नाव पीट एकर्ट. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅक्रामेंटो शहराचे ते रहिवासी. शिल्पकला आणि डिझाइन शिकलेल्या या माणसाला वास्तुविशारद व्हायचं होतं. पण मध्येच डॉक्टरांनी सांगितलं, की तुम्हाला 'रेटिनायटिस पिग्मेंटोझा' आहे. या आनुवंशिक आजारात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरत जातात. बहुतेकांना आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं. एकर्ट यांची नजर अशीच हळूहळू गेली.

एके दिवशी खण आवरताना त्यांच्या हाताला सासूबाईंचा जुना कोडॅक कॅमेरा लागला. बायकोने त्यावरच्या खुणा वाचून दाखवल्या. त्यात एक खूण इन्फ्रारेडची होती. इन्फ्रारेड म्हणजे माणसाच्या डोळ्यांना न दिसणारे किरण. एकर्टना हसूच आलं. जो प्रकाश कुणालाच दिसत नाही, त्यात एका आंधळ्याने फोटो काढायचे! त्या गमतीतूनच ते छायाचित्रकार झाले.

अंधारात प्रकाश कसा रंगवतात?

कॅमेऱ्याच्या आत एक झडप असते. ती उघडी असेपर्यंत प्रकाश आत येतो आणि चित्र उमटतं. एकर्ट खोलीत मिट्ट काळोख करतात आणि ही झडप बराच वेळ उघडी ठेवतात. काळोखात काहीच उमटत नाही. मग हातात छोटे दिवे घेऊन समोरच्या माणसाभोवती ते फिरतात. जिथे उजेड पडेल, तेवढंच चित्रात येतं. जणू कागद म्हणजे काळोख आणि ब्रश म्हणजे बॅटरी! समोर काय आहे ते एकर्ट आवाजावरून, स्पर्शावरून आणि आठवणीतून ओळखतात. अशा खोलीत तुम्ही-आम्ही खुर्चीला अडखळून पडू. त्यांना मात्र ती घरच्यासारखी!

"पुढे चल!" "नाही!"

सुरुवातीला एकर्ट कॅमेरा घेऊन रात्री शहरात हिंडायला निघत. सोबतीला असे उझू, त्यांचा मार्गदर्शक कुत्रा.

तुम्हाला वाटेल, कुत्रा पुढे आणि माणूस त्याच्या मागे. पण तसं नसतं. कुठे जायचं, कुठे वळायचं हे माणूस ठरवतो. वाटेतला खड्डा, खांब, पायरी कुत्रा सांभाळतो. सिग्नल लाल की हिरवा हे कुत्रा पाहत नाही. माणूस वाहनांचे आवाज ऐकतो आणि "पुढे चल" म्हणतो. पण तेवढ्यात एखादी गाडी अंगावर येत असेल, तर कुत्रा जागचा हलत नाही. मालकाचं न ऐकणं हेसुद्धा त्याला शिकवलेलं असतं! आणि मालकही "असं का?" म्हणून त्याला ओढत नाही. दोघांचा एकमेकांवर असा विश्वास बसायला बरेच दिवस लागतात.

अमेरिकेत ही जोडी पहिल्यांदा गाजली ती १९२८ साली. मॉरिस फ्रँक हा वीस वर्षांचा अंध तरुण होता. बाहेर पडायचं तर त्याला कुणाला तरी पैसे देऊन सोबत न्यावं लागे. तो थेट स्वित्झर्लंडला गेला आणि तिथून एक जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन आला. तिचं नाव होतं 'किस'. चारचौघांत अशी हाक कशी मारायची? त्याने तिचं नाव ठेवलं 'बडी', म्हणजे दोस्त. न्यूयॉर्कच्या बातमीदारांसमोर त्या दोघांनी वाहनांनी भरलेला रस्ता ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अशा कुत्र्यांना शिकवणारी 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली. मॉरिसने नंतरच्या आपल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव 'बडी'च ठेवलं!

फोटो कसा आला, हे कोण सांगतं?

उझूने रस्ता सांभाळला, पण काढलेला फोटो पाहायचा कोणी? फिल्म धुतली, की एकर्ट डोळस माणसांना विचारत, "काय दिसतंय ते सांगा." म्हणजे तिथेही विश्वासच! मात्र फोटो कसा हवा, हे त्यांनी आधीच मनात पाहिलेलं असतं. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे जगभरच्या अंध छायाचित्रकारांचं प्रदर्शन भरलं, त्यात त्यांचे फोटो होते.

आपल्या मुंबईतही २००६ साली पार्थो भौमिक यांनी अंध मुलांच्या हाती कॅमेरे दिले. त्यांचा उपक्रम 'ब्लाइंड विथ कॅमेरा' या नावाने ओळखला जातो.

तेव्हा मुलांनो, पांढरी काठी घेतलेलं कुणी रस्त्यात भेटलं, तर एकदम हात धरून ओढू नका. आधी विचारा, "मदत हवी का?" "नको" म्हणाले, तर तेही ऐका. सोबत पट्टा बांधलेला कुत्रा असेल, तर त्याला कुरवाळू नका. तो कामावर असतो!

आता तुमचा फोटो बघा. आजीचं नाक कापलं गेलंय? हरकत नाही. पण न बघता आजी कुठे बसलीय ते तुम्हाला कळलं होतं ना? मग उद्या पुन्हा प्रयत्न करा. मात्र या वेळी रुमाल सोडू नका. फोटोत काय दिसतंय, ते आजीलाच सांगू द्या.