जुन्या मालमोटारीची केबिन : गंजलेले पत्रे आणि दारांचा मेळ

जनरल मोटर्सने १९४७ ते १९५५ या काळात अमेरिकेत काढलेल्या शेव्हरोलेट ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालमोटारी आज संग्राहकांच्या विशेष आवडीच्या आहेत. त्यांचा गंजलेला पत्रा बदलणे हे वरवर पाहता कापण्या-जोडण्याचे काम वाटते. वस्तुतः ते मापाचे काम होय. कारण केबिनचा आकार बिघडला की नवा पत्रा कितीही सुबक असला तरी दार चौकटीत बसत नाही.

गंज लोखंड ‘खातो’ असे मराठीत म्हणतात. परंतु गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून अधिक असते; त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो फुगतो व सांधा उकलतो. केबिनचे मागील खालचे कोपरे, दाराखालचा उंबरठा, तळ व दाराची खालची कड येथे चिखल-पाणी साचते, म्हणून तेथे तो प्रथम दिसतो. यांपैकी उंबरठा व कोपरे हे चौकटीचे आधारच होत. ते एकदम कापून काढल्यास चौकट फाकते किंवा मिटते.

म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम केबिन चासीवर जेथे टेकते तेथील रबरी बैठका तपासाव्यात. नंतर उघडे दार मोकळ्या टोकाशी उचलून पाहावे. ते खालीवर हलल्यास बिजागरीची खीळ झिजली असे समजून ती आधी बदलावी. मग दार लावून भोवतालची फट सर्वत्र सारखी, सुमारे ५ मि.मी., करून घ्यावी, चौकटीचे कर्ण मोजावेत आणि आतून तिरपे लोखंडी आधार जोडावेत. त्यानंतरच, एका वेळी एकाच बाजूचा, पत्रा कापावा. १९४९ पासून या पिकअप गाड्यांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये आसनामागे आली. ती काढून दूर नेल्याखेरीज ठिणगी पडू देऊ नये.

नवा पत्रा चिमट्यांनी धरावा, दार बंद करून फट पुन्हा पाहावी आणि मगच वेल्डिंगचे टाके घालावेत. एक मीटर पोलाद १०० अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे १.२ मि.मी. वाढते. टाक्याजवळच्या तप्त भागास मात्र भोवतालचा थंड पत्रा वाढू देत नाही. तो जागीच दबून जाड होतो आणि निवताना मूळ लांबीहून आखडतो. सलग सांधल्यास पत्रा ओढला जाऊन वाकतो तो यामुळे. म्हणून टाके दूरदूर, आलटून पालटून घालावेत व मध्ये निवू द्यावेत.

शेवटी दाराचा मेळ. कुलूप ज्या कडीत अडकते ती प्रथम काढून ठेवावी; नाहीतर ती दारास ओढून घेते व बिजागरीचा दोष झाकला जातो. दार बिजागरीवरच नीट बसले, नवे रबर लावूनही ते पृष्ठभागाशी सपाट राहिले, की कडी बसवावी. पोकळीत गंजरोधक मेण फवारावे; दाराच्या तळाची छिद्रे मात्र मोकळी ठेवावीत. ती बुजली तर पाणी आत राहते आणि गंज नव्या पत्र्यातही त्याच जागी परततो.